दार अडवणारा आणि किल्ली देणारा: अमली पदार्थांचा छापा पडतो तेव्हा कायदा कुणाला काय विचारतो

फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी कुपवाडला येऊन एमडीचा, म्हणजे मेफेड्रोनचा, मोठा साठा पकडला. पुढच्याच महिन्यात मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत एमडी बनवण्याचा कारखानाच शोधून काढला. जानेवारी 2025 मध्ये विट्याजवळच्या कार्वे एमआयडीसीत आणखी एक सापडला. 'असले धंदे मुंबई-पुण्याकडं, आपल्याकडं हळद, द्राक्षं आणि बेदाणा' असं छातीठोकपणे सांगणाऱ्या सांगलीकरांची तोवर चांगलीच पंचाईत झाली होती.

तेव्हापासून चहाच्या गाड्यावर तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात. शेड भाड्यानं दिलं, आत भाडेकरू काय शिजवतो ते मालकाला कसं कळणार? रात्री साध्या कपड्यातली माणसं दार वाजवायला लागली तर उघडायचं की नाही? वॉचमन बिचारा पगारी माणूस, मालकानं 'कुणाला आत सोडू नको' म्हणून बजावलेलं, त्यानं नाही सोडलं तर तोच आत जाणार का? या प्रश्नांची उत्तरं कायद्यात आहेत, पण विखुरलेली आहेत. ती एका जागी आणायची तर कलमांचे आकडे येणारच. ते पाठ करायची गरज नाही. कोणत्या वागण्याला किती वजन आहे तेवढं ध्यानात आलं तरी पुरे.

आपल्याकडे 'अमली पदार्थांच्या अड्ड्यावर पोलिसांना आत जाऊ न देणे' असा स्वतंत्र गुन्हा कुठल्याही कायद्यात लिहिलेला नाही. काही देशांत तो आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात सिडनीच्या कॅब्रामॅटा भागात हेरॉइनची विक्री घराघरांतून चालायची. दारांना लोखंडी पट्ट्या, कोपऱ्यावर टेहळणीला माणूस, आणि पोलीस आत पोचेपर्यंत माल नाहीसा. त्या राज्याने 2001 साली खास अशा जागांसाठीच कायदा केला. पोलिसांना मुद्दाम आत येऊ न देणं, पोलीस आल्याची आरोळी ठोकणं, दार उशिरा उघडावं म्हणून कड्या-साखळ्यांचा बंदोबस्त करणं, हे तिथं गुन्हे ठरले. दाराला ठोकलेली जादा कडीसुद्धा ती जागा अड्डा असल्याची एक खूण म्हणून कोर्ट विचारात घेऊ शकतं.

आपल्याकडे तीन कायदे एकत्र वाचावे लागतात. पहिला 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदा, ज्याला पोलिसांपासून पेपरवाल्यांपर्यंत सगळे एनडीपीएस म्हणतात. दुसरी भारतीय न्याय संहिता, आणि तिसरी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. या दोन्ही संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाल्या. गुन्हा कोणता आणि शिक्षा किती ते न्याय संहिता सांगते, झडती-अटक कशी करायची ते सुरक्षा संहिता सांगते, आणि अमली पदार्थांचा विषय आला की एनडीपीएसचा शब्द वरचढ ठरतो.

दारात कोण उभं आहे?

वॉरंट नसताना कुणाच्या घरात, शेडमध्ये, गोदामात शिरायचं तर एनडीपीएसचं कलम 42 लागतं. या कलमाच्या अटी बऱ्याच वकिलांना तोंडपाठ असतात, कारण बचावाची निम्मी लढाई इथंच होते. शिपाई दर्जाचा पोलीस एकटा येऊन या कलमाखाली झडती घेऊ शकत नाही. सरकारने अधिकार दिलेला, शिपायापेक्षा वरच्या हुद्द्याचा अधिकारी लागतो. त्याला खबर मिळाली असेल तर ती आधी कागदावर उतरवावी लागते आणि त्याची प्रत 72 तासांच्या आत वरिष्ठाकडे जावी लागते. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत तो आत जाऊ शकतो. सूर्यास्तानंतर जायचं तर 'वॉरंट आणायला गेलो असतो तर माल गायब झाला असता किंवा माणूस पळाला असता' असं त्याला का वाटलं, ती कारणं आधी लिहावी लागतात.

कागद उशिरा गेला आणि उशिराचं कारण पटण्यासारखं असेल तर कोर्ट सांभाळून घेतं. पण काहीच लिहिलं नाही, काहीच पाठवलं नाही, तर खटला कोसळतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2009 साली कर्नैल सिंग विरुद्ध हरियाणा या निकालात हे स्पष्ट केलं. चित्रपटातला इन्स्पेक्टर लाथ मारून दार उघडतो. खरा इन्स्पेक्टर त्याआधी स्टेशन डायरीत नोंद करतो, आणि तो शहाणा असेल तर ती नोंद नीट करतो.

पानपट्टी, हॉटेल, दुकान, एसटीची बस अशा लोकांना खुल्या असलेल्या जागांना मात्र कलम 43 लागतं. तिथं खबर लिहून घेण्याची ही अट नाही.

आता दाराचं. सुरक्षा संहितेचं कलम 103 सांगतं की झडती घ्यायची जागा बंद असेल तर तिथं राहणाऱ्याने किंवा ती जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याने, अधिकाऱ्याने मागणी केल्यावर, त्याला आत येऊ द्यायचं आणि झडतीला लागेल ती वाजवी मदत करायची. म्हणजे दार उघडणं हे कायद्याने घातलेलं काम आहे. वॉचमन 'जागा ताब्यात असलेला' ठरतो का? शेडची किल्ली त्याच्या कमरेला असेल आणि रात्री तिथं दुसरं कुणी नसेल, तर त्या घटकेला तोच ठरेल. 'मालकानं सोडू नको म्हटलंय' हे उत्तर चोराला चालतं, अधिकार सांगून उभ्या राहिलेल्या अधिकाऱ्याला चालत नाही.

दार उघडलं नाही तर काय? एखाद्याला अटक करायला आलेल्या पोलिसांसाठी कलम 44 आहे. त्यात आपण कोण, कशासाठी आलो हे सांगून, आत येऊ देण्याची मागणी करून, तरीही वाट मिळाली नाही तर दार-खिडकी तोडता येते. झडतीलाही तीच रीत लागते. एनडीपीएसचं कलम 42 तर सरळच म्हणतं, विरोध झाला तर दार फोडा आणि वाटेतला अडथळा दूर करा. एक सवलत आहे. अटक करायला आलेत आणि आतल्या खोलीत रूढीप्रमाणे परक्यांसमोर न येणारी एखादी बाई आहे, जिला अटक करायची नाही, तर तिला आधी बाहेर पडायची संधी द्यावी लागते. आणि बाईच्या अंगाची झडती बाईनेच घ्यायची, याला एनडीपीएसमध्ये अपवाद नाही.

दार वाजलं आणि दार उघडलं, यामधली मिनिटं

समजा, एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत एक पत्र्याचं शेड आहे. पंचनाम्यात साधारण अशा ओळी येतात: 'वेळ 21.50. पोलीस उपनिरीक्षक यांनी मोठ्याने नाव व हुद्दा सांगून दार उघडण्यास सांगितले. आत लाईट चालू, माणसांची कुजबुज ऐकू आली, प्रतिसाद नाही. वेळ 21.55. पुन्हा आवाज दिला. आतील लाईट बंद झाली. मोरीत पाणी सोडल्याचा आवाज आम्हा पंचांना स्पष्ट ऐकू आला. वेळ 22.01. पहारीने कोयंडा तोडून आत प्रवेश केला. मोरीच्या जाळीत पांढरट पावडर चिकटलेली दिसली.' ओळी मी रचलेल्या आहेत, पण घाट असाच असतो. आणि हीच अकरा मिनिटं पुढे कोर्टात तासन्‌तास चघळली जातात.

या अकरा मिनिटांत आतल्यांनी जे जे केलं त्याचा हिशेब वेगवेगळ्या खात्यांत मांडला जातो.

नुसतं आडवं येणं हे न्याय संहितेचं कलम 221. लोकसेवकाला त्याचं काम करताना मुद्दाम अडथळा आणला, तर 3 महिन्यांपर्यंत कैद, किंवा 2,500 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिक्षा हलकी आहे, शिवाय एक पायरी जादा आहे. या गुन्ह्याची दखल कोर्ट आपणहून घेत नाही. ज्या अधिकाऱ्याला अडवलं त्याने किंवा त्याच्या वरिष्ठाने कोर्टात लेखी तक्रार करावी लागते. आरडाओरडा नाही, धक्काबुक्की नाही, फक्त दार उघडलं नाही, तर तो 'अडथळा' होतो का यावर वकील वाद घालू शकतात. पण दार उघडणं हे कर्तव्य आहे असं कलम 103 म्हणत असल्यामुळे तो वाद जिंकणं सोपं नाही.

हात लागला की खातं बदलतं. अधिकाऱ्यावर हल्ला केला किंवा बळ वापरलं की कलम 132, म्हणजे लोकांच्या तोंडात अजून बसलेलं जुन्या दंड संहितेतलं 353. शिक्षा 2 वर्षांपर्यंत, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. पेपरात 'सरकारी कामात अडथळा' असं एकच शीर्षक दोन्हीला देतात, पण एकात टेबल-जामीन, म्हणजे ठाण्यातच जामीन, मिळण्यासारखी परिस्थिती असते आणि दुसऱ्यात रात्र कोठडीत जाते. अधिकाऱ्याला इजा झाली तर कलम 121, तिथं 5 वर्षांपर्यंत, आणि गंभीर दुखापत असेल तर 1 ते 10 वर्षं.

बळ वापरणं म्हणजे फक्त ढकलणं नव्हे. कायद्याच्या व्याख्येत जनावराला अंगावर जायला लावणं हेही बळ आहे, आणि त्याखाली दिलेल्या उदाहरणांत कुत्रा अंगावर सोडणारा माणूस आहेच. शेडवर राखणीला दोन अल्सेशियन पाळले आणि पोलीस आल्यावर साखळी सोडली, तर 'कुत्र्यानं चावलं, मी नाही' ही सबब चालणार नाही. 1860 साली जुना दंड संहितेचा कायदा झाला तेव्हापासून हे उदाहरण तिथं आहे. दीडशे वर्षांत माणसांनी फारशी नवी युक्ती काढलेली दिसत नाही.

मोरीत पावडर ओतली, पुडकी जाळली, मोबाईल पाण्याच्या बॅरलमध्ये टाकला, तर कलम 238, पुरावा नाहीसा करणं. याची शिक्षा मूळ गुन्हा किती मोठा त्यावर ठरते. पोलीस ज्याला धरायला आले त्याला मागच्या दाराने काढून दिलं तर कलम 263. आणि गल्लीतली माणसं जमून जीपसमोर आडवी झाली, पाच किंवा जास्त, तर तो बेकायदा जमाव. कायद्याच्या अंमलबजावणीला विरोध करणं हा हेतू त्या कलमात वेगळा लिहिलेलाच आहे. आपला पोरगा आहे, गल्लीतला आहे म्हणून धावून आलेल्या काकू-मावश्यांना हे ठाऊक नसतं.

आता कोपऱ्यावर उभा राहून 'आले, आले' असा फोन करणाऱ्या पोराचं काय? न्यू साउथ वेल्ससारखं सरळ कलम आपल्याकडे नाही. पण त्यामुळे तो सुटतो असं नाही, उलट जास्त अडकतो. त्याला रोज उभं राहायचे पैसे मिळतात, आत काय विकलं जातं हे त्याला ठाऊक आहे, तर तो गुन्ह्याला मदत करणारा. एनडीपीएसच्या कलम 29 खाली मदतीला आणि कटाला मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा आहे. एमडीचं 50 ग्रॅम हे व्यापारी प्रमाण धरलं जातं. गांजाचं 20 किलो. व्यापारी प्रमाण म्हणजे 10 ते 20 वर्षं सक्तमजुरी आणि 1 ते 2 लाख दंड, आणि कलम 37 मुळे जामीन मिळणं महाकठीण. रोजचे पाचशे रुपये घेऊन पानपट्टीवर उभ्या राहणाऱ्या पोराच्या डोक्यात हे गणित कुणी घातलेलं नसतं. कॉलेजातल्या जनजागृतीच्या भाषणांत नशेचे दुष्परिणाम तासभर सांगतात, हे एक वाक्य सांगत नाहीत.

किल्ली देणारा

मला या सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. दारात आडवा हात घालणाऱ्याला कायदा 3 महिने किंवा 2 वर्षं दाखवतो. कायद्याचं खरं वजन पडतं ते ज्याने ती जागा दिली त्याच्यावर.

एनडीपीएसचं कलम 25 छोटं आहे. घर, खोली, आवार, जागा, जनावर किंवा वाहन, यांचा मालक असो, वापरणारा असो किंवा ताबा असणारा असो, त्याने दुसऱ्याला या कायद्याखालचा गुन्हा करायला ती जाणूनबुजून वापरू दिली, तर त्या गुन्ह्याची जी शिक्षा तीच त्याला. एमडीचा कारखाना चालवणाऱ्याला 10 ते 20 वर्षं, तर जाणूनबुजून शेड देणाऱ्यालाही 10 ते 20 वर्षं. त्याने पुडीला हातसुद्धा लावलेला नसेल.

सगळा जोर 'जाणूनबुजून' या अटीवर आहे, आणि मालक मंडळी तिच्यावरच विसावतात. 'आम्हाला काय माहीत' म्हटलं की झालं, असं त्यांना वाटतं. पण याच कायद्यात कलम 35 आहे. ज्या गुन्ह्यात आरोपीची माहिती किंवा हेतू लागतो, तिथं तो होता असं कोर्ट गृहीत धरतं. नव्हता हे आरोपीने दाखवायचं, आणि तेही संशयाला जागा राहणार नाही इतकं पक्कं. नेहमीच्या फौजदारी खटल्यात ओझं सरकारवर असतं, इथं ते फिरतं. सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली नूर आगा यांच्या खटल्यात हे कलम कायम ठेवलं, पण सरकारने आधी पायाभूत गोष्टी सिद्ध केल्याशिवाय ते ओझं आरोपीवर टाकता येणार नाही, असंही बजावलं. म्हणजे शेड तुमचं, त्यात माल सापडला, आणि त्या व्यवहाराशी तुमचा धागा जोडणारं काहीतरी आहे, एवढं सरकार दाखवतं. मग तुमची पाळी.

आपल्या भागात हे कसं दिसेल? दुष्काळी पट्ट्यात पोल्ट्रीचं शेड बंद पडून दोन वर्षं झालीत. कर्ज आहे. बाहेरगावचा एकजण येतो, महिना आठ हजारांच्या शेडला पंचवीस हजार देतो म्हणतो, सहा महिन्यांचे रोख पुढे करतो, करार नको म्हणतो, वीज जनरेटरवर चालवतो, खिडक्यांना काळं प्लास्टिक लावतो आणि 'काका, तुम्ही इकडं यायची तसदी घेऊ नका, भाडं घरपोच येईल' असं गोड बोलतो. रात्री रसायनांचा उग्र वास येतो. काका नाकाला उपरणं लावून वरच्या वाटेनं जातात. यातली एकेक गोष्ट गुन्हा नाही. सगळ्या मिळून मात्र कोर्टात विचारल्या जातील, आणि 'मी विचारलंच नाही' हे उत्तर 'मला ठाऊक नव्हतं' या उत्तरापेक्षा खूप दुबळं असतं.

म्हणून भाडेकरार लेखी करा, ओळखपत्राची प्रत घ्या, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या, जागा पाहायला येण्याचा हक्क करारात ठेवा आणि खरोखर जाऊन पाहा. भाडं बँकेतून घ्या. हा सल्ला सगळे देतात आणि कुणी पाळत नाही, कारण रोख पंचवीस हजार समोर असतात. संशय आल्यावर शेडला आपलं कुलूप घालून भाडेकरूला हाकलून देणं हाही मार्ग नव्हे. माल दुसरीकडे जातो, आणि जाताना तुमच्या हाताला पुरावा नाहीसा केल्याचा डाग लागू शकतो. कळलं की कळवायचं, एवढंच तुमच्या हातात राहतं.

शेतजमिनीला तर स्वतंत्र कलमं आहेत. उसाच्या फडात, मक्याच्या रानात मधेच गांज्याची झाडं लावल्याच्या बातम्या आपल्या भागात अधूनमधून येतात. आपल्या जमिनीत अशी बेकायदा लागवड झाल्याचं माहीत असून जमीनमालकाने कळवलं नाही, तर कलम 46 खाली तो शिक्षेला पात्र. कलम 47 तर गावच्या कारभाऱ्यांना धरतं. सरकारी अधिकारी, पंच, सरपंच, गावचा कोणताही अंमलदार, यांना अशा लागवडीची माहिती मिळाली की लगेच कळवणं बंधनकारक आहे. सरपंचाने 'आपल्याला काय करायचंय, मतं जातील' म्हणून गप्प बसायचं ठरवलं तर ते मौन त्याच्या अंगाशी येऊ शकतं.

पळून आलेल्या आरोपीला आसरा देणं हे आणखी वेगळं. न्याय संहितेत आसऱ्याच्या कलमातून नवरा-बायकोला सूट आहे. एनडीपीएसच्या कलम 27 अ मध्ये मात्र अमली पदार्थांच्या धंद्यातल्या माणसाला आसरा देण्याला 10 ते 20 वर्षांची शिक्षा आहे, आणि अशी सूट त्या कलमात लिहिलेली नाही.

विचारणं म्हणजे अडवणं नव्हे

इथवर वाचून कुणाला वाटेल, पोलिसांसमोर तोंड उघडलं तरी गुन्हा. तसं नाही. तोतया पोलीस बनून लुटणाऱ्यांचे किस्से आपण ऐकतोच. साध्या कपड्यात आलेल्या माणसाला 'साहेब, ओळखपत्र दाखवा, कोणत्या ठाण्याचे, कशासाठी आलात, वॉरंट आहे का' असं विचारणं तुमचा हक्क आहे. कायदाच म्हणतो की दार तोडण्याआधी अधिकाऱ्याने अधिकार आणि हेतू सांगितला पाहिजे. खिडकीतून ओळखपत्र पाहणं, 112 ला फोन करून खात्री करणं, याला दोन मिनिटं लागली तर कुणी अडथळा म्हणणार नाही. ओळख पटल्यावरही वकील येईपर्यंत दार उघडणार नाही म्हटलं, तर म्हणेल. वकिलाला फोन करा, पण दार उघडून करा.

झडती चुकीची वाटली, खबर खोटी आहे हे तुम्हाला शंभर टक्के ठाऊक असलं, तरी दारात झुंजायचं नाही. स्वसंरक्षणाचा हक्क सगळ्यांना आहे, पण सरकारी अधिकारी हुद्द्याच्या नात्याने, प्रामाणिकपणे काही करत असेल, तर त्याची कृती कायद्याच्या काटेकोर चौकटीत बसत नसली तरी, जिवाला किंवा गंभीर इजेला धोका नसेल तोवर त्याच्याविरुद्ध तो हक्क वापरता येत नाही. न्याय संहितेचं कलम 37 हे सांगतं. त्यातच एक बारकावा आहे: समोरचा सरकारी अधिकारी आहे हे तुम्हाला माहीत नसेल आणि तसं मानायला कारणही नसेल, तर हे बंधन लागत नाही. म्हणून ओळख सांगणं पोलिसांच्याही फायद्याचं.

चुकीच्या झडतीचं उत्तर नंतर मिळतं. एनडीपीएसच्या कलम 58 मध्ये, संशयाला वाजवी आधार नसताना उगाच घरात घुसणाऱ्या किंवा छळासाठी झडती घेणाऱ्या अधिकाऱ्याला 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. हजार रुपये वाचून हसू येतं, पण 1985 चा आकडा आहे आणि तसाच राहिलाय. भाऊबंदकीत, शेताच्या बांधावरून, निवडणुकीच्या वैरातून कुणी मुद्दाम खोटी खबर देऊन झडती किंवा अटक घडवून आणली, तर त्या खबऱ्याला याच कलमाखाली 2 वर्षांपर्यंत.

मोबाईलवर चित्रण करण्याबद्दल बरेच विचारतात. सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे आता पोलिसांनाच झडतीचं आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रण करावं लागतं, आणि ते विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे पाठवावं लागतं. घरमालकाला किंवा त्याच्या माणसाला झडतीच्या वेळी हजर राहता येतं, जप्त वस्तूंच्या यादीची प्रत मागता येते. ती मागाच. माल सीलबंद होताना लेबलवर कुणाच्या सह्या झाल्या, वजन कोणत्या काट्यावर झालं, हे डोळ्यांनी पाहा. पण अधिकाऱ्याच्या तोंडासमोर मोबाईल धरून त्याच्या वाटेत उभं राहिलात तर वाद ओढवून घ्याल.

राहता राहिले पंच. झडतीला परिसरातले दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी लागतात. आपल्याकडे पोलीस दिसले की दुकानांची शटरं अर्धी खाली येतात, आणि 'साहेब, दुसऱ्याला घ्या, मला कोर्टाच्या तारखा झेपत नाहीत' ही विनवणी ठरलेली. ती खरीही असते. सांगलीत विजयनगरला कोर्टात हजर राहायचं म्हणजे जत-आटपाडीच्या माणसाचा दिवस जातो. पण लेखी आदेश देऊन बोलावलं आणि वाजवी कारणाशिवाय नकार दिला, तर न्याय संहितेच्या कलम 222 खाली गुन्हा होतो. एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा दंड होऊ शकतो. म्हणून अनुभवी अधिकारी आधी तोंडी विनंती करतो, मग कागद काढतो. आणि पंच झालात तर न ऐकलेलं ऐकलं म्हणून सही करू नका. मोरीतल्या पाण्याचा आवाज तुम्ही खरंच ऐकला का, हे उलटतपासणीत आरोपीचा वकील तुम्हालाच विचारणार आहे, फौजदाराला नव्हे.

ज्यांना काही दिसलंय पण नाव पुढे यायची भीती आहे, त्यांच्यासाठी एनडीपीएसचं कलम 68 आहे. खबर कुणी दिली हे सांगायची सक्ती या कायद्याखाली काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर करता येत नाही. केंद्र सरकारची 1933 ही हेल्पलाइन जुलै 2024 पासून सुरू आहे, तिच्यावर अमली पदार्थांची माहिती देता येते. गावच्या ठाण्यात सगळे ओळखीचे, तिथं जायला जीव धजत नसेल, तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षक कार्यालयात किंवा स्थानिक गुन्हे शाखेत जाता येतं. शेडच्या नंबरापेक्षा वेळ जास्त उपयोगी पडते: गाडी कधी येते, ड्रम कधी उतरतात, लाईट कधी बंद होते. रात्री जायचं की दिवसा, वॉरंट घ्यायला वेळ आहे की नाही, हे अधिकाऱ्याला त्यावरूनच ठरवावं लागतं, आणि ते कारण कागदावर लिहावं लागतं.